साय न धरलेली ट्यूब

३ फेब्रुवारी

बोक्या,

नमस्कार, आशीर्वाद, जे काय असेल ते गृहीत धर. आठ वर्षांनी पत्र लिहिताना त्यातलं नेमकं काय घालायचं मला कळत नाही. फोन केला असता, पण तू उचलणार नाहीस, आणि उचललास तर मी भांडेन. कागदावर भांडायला वेळ लागतो, तेवढ्यात माझं डोकं जरा निवतं.

काम आहे म्हणून लिहितेय. तुझ्या बायकोने मला दोन फोटो पाठवले. तिच्यावर डाफरू नकोस, मीच मागितले होते. एकात तू शीतगृहाच्या दारात उभा आहेस, अंगात जाड कोट, आणि कोटाची चेन पोटाशी येऊन थांबलीय. हौस म्हणून कुणी तिथे कोट उघडा ठेवत नाही, एवढं मला कळतं. दुसऱ्यात तू पाठमोरा आहेस. मानेवर काळा पट्टा दिसतोय, मळ साचल्यासारखा. तुझी बायको म्हणाली, "घासून घासून थकले हो ताई, निघतच नाही." तो मळ नाही, साबणाने जाणारही नाही; साखर बिघडायला लागली की मानेची कातडी अशी काळवंडते. जेवलास की बसल्या जागी तुझी मान पडते, असंही ती म्हणाली.

तू रक्त तपासून घे. एवढंच सांगायला हे पत्र. रात्री जेवल्यानंतर चौदा तास काही खायचं नाही, पाणी चालेल, आणि सकाळी जवळच्या कुठल्याही लॅबमध्ये जायचं. साखर आणि चरबी, दोन्ही. रक्तदाब बघून घे. कंबर घरीच मोज. बाबांचा एक टेप तू नेला होतास, तो हरवला नसशील.

माझं ठीक चाललंय. आमची लॅब जुन्या इमारतीतून नव्या इमारतीत हलतेय, आणि सत्तावीस वर्षांचा पसारा उपसायचं काम माझ्या गळ्यात आहे. मी अजून त्याच खिडकीपाशी, त्याच खुर्चीत बसते, फक्त खुर्चीचं एक चाक गेलंय.

तू विचारशील, बाबांचंही रक्त काढलं होतं ना, त्यात काय निघालं? तेव्हाही तू हे विचारलं होतंस. तेव्हा सांगितलं तेच सांगते. ते सँपल खराब झालं होतं.

ताई


२१ फेब्रुवारी

बोक्या,

तुझं उत्तर नाही. मला अपेक्षा नव्हती, तरी टपालाची पेटी रोज उघडते. शेजारीण म्हणाली, "कुणाची वाट बघताय?" मी म्हटलं, विजेच्या बिलाची. आपल्या घरात खोटं बोलायची सवय फक्त बाबांना होती असं मी समजत होते.

तुला वाटेल, ताईची फौजदारकी पुन्हा सुरू झाली. ते नाव बाबांनी ठेवलं ते काही उगाच नाही. तुला बोका म्हणायचे कारण तू पातेल्यातल्या दुधावरची साय बोटाने पळवायचास, आणि मला फौजदार, कारण मी तुझी बोटं हुंगून तुला पकडायचे. मग आज फौजदार म्हणूनच नीट समजावते.

पोटावरची चरबी नुसती बसून राहत नाही. डॉक्टरीणबाई, म्हणजे आमच्या प्रमुख, गेली दहा-बारा वर्षं त्याचाच अभ्यास करताहेत. पोटातली चरबी फॅटी अॅसिड सोडत राहते, ती रक्तात उतरतात, यकृत ती गोळा करून पुन्हा बांधतं आणि रक्तातच परत पाठवतं. मग साखर वाढते, दाब वाढतो, कंबर वाढते, वाईट चरबी वाढते, चांगली घटते. या पाचांतलं एक असलं तर माणूस म्हणतो, वय झालं. तीन एकदम जमली की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. दुखत काहीच नाही, हीच त्यातली वाईट गोष्ट. बाबांना कधी काही दुखलं होतं का?

बाबांची पँट आठवते? दुनियेच्या कंबरा मोजणारा शिंपी, पण स्वतःचं माप कुणाला सांगायचा नाही. दर वर्षी गुपचूप मागची शिवण उसवायची आणि आत सोडलेलं कापड अर्धा-अर्धा इंच बाहेर काढायचं. मी पकडलं तर म्हणायचे, "कापड आटलंय गं. हल्ली चांगलं कापड मिळतंय कुठे?" ते गेल्यावर कपाट आवरताना मी त्या पँटी उलट्या करून बघितल्या. आत एक धागाभरही कापड उरलं नव्हतं.

अभ्यासात माझं काम गुलाबी रंगाचं आहे. ऐकून हसशील. शरीरात जास्तीची चरबी जळताना जणू ठिणग्या उडतात, आणि उरलेल्या चरबीला त्या खवट करतात. डब्यात राहिलेलं तेल खवट होतं ना, तसंच. सिरम म्हणजे रक्ताचं वरचं पिवळसर पाणी. त्यात एक द्रव घालून तासभर उकळत्या पाण्यात ठेवायचं. खवटपणा जितका जास्त, तितका गुलाबी रंग गडद. इतकी वर्षं मी माणसांचा खवटपणा रंगावरून ओळखते आणि स्वतःचा मात्र कधी तपासला नाही.

जुना फ्रीजर रिकामा करतेय. त्याच्या तळाशी आमचा 'अनाथ डबा' असतो. रद्द झालेली सँपलं आम्ही टाकत नाही, त्या डब्यात गोठवून ठेवतो. नवीन मशीन आलं की त्यांच्यावर हात साफ करायचा. काल तो डबा उपसला. त्यात एक ट्यूब माझ्या अक्षरातली निघाली. तिच्याबद्दल पुन्हा केव्हातरी लिहीन.

रक्त दिलंस का?

ताई


१४ मार्च

बोक्या,

तुझं कार्ड मिळालं. एकच ओळ, पण अक्षर अगदी पूर्वीसारखं, प्रत्येक शब्द उजवीकडे पडायला आलेला. "बाबांना मी मारलं ना, मग मला माझं मी मरू दे."

चारदा वाचलं आणि स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये चमच्यांखाली ठेवलं. जेवायला बसताना चमचा काढते तेव्हा दिसतं.

ते वाक्य माझं होतं. मी ते विसरले असेन असं तुला वाटत असेल तर तसं नाही. बाबा गेले त्या शनिवारी माणसं जमली होती, त्यांना शिलाई मशीनवरून उचलून कॉटवर ठेवलेलं, आणि मशीनशेजारी स्टुलावर ती प्लेट होती. तळलेले बटाट्याचे काप. मी त्या प्लेटकडे बोट दाखवून सगळ्यांसमोर म्हणाले, "हे बघा. हेच. यानेच खायला घालून घालून मारलं त्यांना." तू काहीच बोलला नाहीस. कुणीतरी तुला बाहेर नेलं. महिन्याभरात तू कारखान्याच्या कँटीनचं काम सोडलंस, गाव सोडलंस, आणि दोनशे माणसं ज्याच्या हाताची चव घ्यायची तो माणूस आता गोठलेली खोकी फोर्कलिफ्टवर उचलून इकडची तिकडे करतो.

तुझ्या कँटीनमध्ये बाबा रोज दुपारी हादडायचे हे खरं. पण डॉक्टरीणबाईंना मी विचारलं, तुझंमाझं नाव न घेता विचारलं. त्या म्हणाल्या, "एका प्लेटने हे होत नाही, एका माणसानेही होत नाही. वीस वर्षं बसून काम, घराण्यातून आलेलं रक्त, आणि कुणी वेळेवर न बघणं." शेवटचं त्या सहज बोलल्या आणि चष्मा पुसायला लागल्या.

सँपल खराब झालं होतं असं मी तुला सांगितलं. ते खरं नाही.

त्याच आठवड्यातला मंगळवार होता. अभ्यासासाठी माणसं हवी होती म्हणून महिनाभर बाबांच्या मागे लागले होते. आले एकदाचे, गळ्यात टेप तसाच. मी त्यांच्याच टेपने त्यांची कंबर मोजली.

"बाबा, श्वास सोडा."

"सोडलाय."

"पूर्ण सोडा."

"अगं, पूर्ण सोडला तर उरेल काय?"

रक्त काढायच्या आधी सगळ्यांना विचारते तेच विचारलं, "काही खाल्लं का?" ते म्हणाले, "नाही." मी फॉर्मवर खूण केली. मग ट्यूब मशीनमध्ये फिरवली आणि बाहेर काढली, तर सिरम पिवळं नव्हतं, पांढरं होतं. दुधाळ. आमच्याकडे दुधाळ सँपल आलं की पहिला विचार एकच, हा माणूस खाऊन आलाय. आणि हा माणूस तर आपला बाप, कापड आटलंय म्हणणारा.

मी ट्यूब हातात घेऊन बाहेर आले. बाकावर दहा-बारा जण बसले होते. त्यांच्यासमोर मी म्हणाले, "बाबा, निदान माझ्याशी तरी खोटं बोलू नका. अर्धा लिटर दूध तरंगतंय तुमच्या रक्तात." सगळे हसले. बाबाही हसले. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "फौजदार, मी खरंच काही खाल्लं नाही गं. चहासुद्धा नाही."

मी म्हटलं, "बरं बरं, या आता. बोलावते पुन्हा." फॉर्मवरची खूण खोडली आणि लिहिलं, उपाशी: नाही. रद्द.

डब्यात सापडली ती हीच ट्यूब.

रोज सकाळी आठपासून माझ्यासमोर चाळीस माणसं बसतात. मी विचारते, काही खाल्लं का? ती म्हणतात, नाही. चाळीसजणांत एकदा तरी तो आवाज बाबांचा असतो. मी मान वर करून बघते, तर कुणी दुसराच बाही वर करून बसलेला असतो. मशीन फिरून थांबताना शेवटी जे मंद होत जातं, ते बाबा शिलाई संपवताना पायडल सोडायचे अगदी तसं ऐकू येतं. नवी मुलगी लागलीय माझ्या हाताखाली, ती विचारते, "मॅडम, कुणी हाक मारली का?" मी म्हणते, नाही.

तू कार्डावर पुढच्या वेळी शिव्या लिही, पण रक्त देऊन ये.

ताई


६ एप्रिल

बोक्या,

मी माझं रक्त तपासलं.

सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. हसू नकोस. दुसऱ्यांच्या दंडाला पट्टा बांधताना माझा हात कधी कापला नाही, स्वतःची पाळी आली की मला काहीतरी काम आठवायचं. कंबरेचा घेर वाढला तर म्हणायचे, साडी जाड आहे. कापड आटलंय म्हणणाऱ्या बापाची लेक.

आदल्या संध्याकाळी सहाला जेवले. त्यानंतर काहीही नाही. ताटलीही घासून पालथी घातली. सकाळी आठला डॉक्टरीणबाईंनी स्वतः रक्त काढलं. चौदा तास, आणि त्या चौदा तासांची साक्षीदार मी. कुणी मला विचारलं असतं तर मी कशाचीही शपथ घेतली असती.

ट्यूब बाहेर आली ती दुधाळ.

नवी मुलगी माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाली, "अय्या मॅडम, नाश्ता करून आलात?" गोड बोलली बिचारी, चेष्टाच होती. मी तिला म्हटलं, नाही गं, मी खरंच काही खाल्लं नाही. आणि तोंडातून वाक्य निघाल्याबरोबर मला ते बाबांच्या आवाजात ऐकू आलं.

आकडे वाईट आहेत. पाचांतली चार माझ्याकडे आहेत. गोळ्या सुरू झाल्या, रोज तासभर चालते, तळलेलं बंद. घाबरू नकोस, मी ठीक होईन, वेळेवर कळलंय. पण आता हे घराण्यातलं आहे यात शंका उरली नाही. बाबा, मी, आणि तुझ्या मानेवरचा तो पट्टा. म्हणून पुन्हा सांगते, तू लगेच जा. या आठवड्यात जा.

बाबांच्या त्या गोठलेल्या ट्यूबवर मी गुलाबीची तपासणीही केली. परवानगी नसताना केली, सांगून टाकते. रंग इतका गडद आला की मी ती कागदाने झाकली. पण त्यावरून काही सिद्ध होत नाही. आठ वर्षांत फ्रीजरमध्येही चरबी थोडी खवटतेच. त्यातलं त्यांच्या अंगातलं किती आणि माझ्या डब्यातलं किती, ते आता कुठलंच मशीन सांगू शकणार नाही.

माझी ट्यूब मी फ्रीजमध्ये उभी ठेवली आणि दुसऱ्या सकाळी बघितली. साय धरली नव्हती. वरपासून खालपर्यंत सारखीच गढूळ. बघताक्षणी मी ती ओळखली.

ताई


७ एप्रिल

बोक्या,

कालचं पत्र पेटीत टाकलं आणि घरी येईपर्यंत माझं मलाच कळलं की मी काय लिहिलंय. "ओळखली." तू वाचशील आणि विचारशील, ताई, जी गोष्ट पहिल्यांदा बघितली ती ओळखलीस कशी?

तू विचारायच्या आत सांगते. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, डॉक्टरीणबाईंनासुद्धा नाही.

दुधाळ सिरम दोन कारणांनी होतं. माणूस खाऊन आला असेल तर जेवणातली चरबी मोठ्या थेंबांची असते. ट्यूब रात्रभर फ्रीजमध्ये न हलवता ठेवली की ती वर येते, सकाळी दुधावर धरावी तशी साय धरते. आणि माणूस उपाशी असेल, चरबी त्याच्या यकृतानेच बनवलेली असेल, तर ते थेंब बारीक असतात. ते वर येत नाहीत. सगळी ट्यूब सारखी गढूळ राहते, साय धरत नाही. याला मशीन लागत नाही. एक रात्र लागते. नव्या मुलीला मी हे पहिल्याच आठवड्यात शिकवलं.

त्या मंगळवारी बाबा गेल्यावर मी त्यांची ट्यूब फ्रीजमध्ये ठेवली होती.

का ठेवली? मला वाटतं, त्यांना पुराव्यानिशी पकडायला. साय दाखवायची आणि म्हणायचं, बघा. लहानपणी तुझी बोटं हुंगायचे तसंच.

बुधवारी सकाळी कोट अडकवायच्या आधी मी फ्रीज उघडला. साय नव्हती. मी ट्यूब उजेडात धरली, खिडकीपाशी नेली, तिरकी करून बघितली. साय नव्हतीच. बाबा खरं बोलले होते. आणि खरं बोलले होते याचा अर्थ असा की त्यांचं रक्त उपाशीपोटीसुद्धा तसं होतं, म्हणजे ते चांगलेच आजारी होते.

हे मला बुधवारी सकाळी पावणेआठला कळलं. शनिवारी दहाला ते गेले.

मधल्या वेळात मी काय केलं? काही नाही. त्यांना फोन करायचा म्हणजे आधी म्हणावं लागलं असतं, बाबा, माझं चुकलं. मला ते जमेना. मी ठरवलं, रविवारी घरी जाईन, सहज विषय काढीन, चेष्टेत म्हणेन की चला, एक संधी अजून देते तुम्हाला. म्हणजे माफी मागावी लागणार नाही. रविवारचं मी मनात नीट जुळवून ठेवलं होतं, अगदी कुठली साडी नेसायची इथपर्यंत. ट्यूब अनाथ डब्यात टाकली, आणि फॉर्मवर 'उपाशी: नाही' तसंच राहू दिलं.

शनिवारी ती प्लेट दिसली तेव्हा मला काय वाटलं सांगू? सुटका. देवाशप्पथ, क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं. दोष ठेवायला जागा सापडली, आणि ती जागा तू होतास. मी तुझा बळी दिला, बोक्या. माझ्या तीन दिवसांच्या जागी तुझी आठ वर्षं ठेवली.

डॉक्टरीणबाईंना मी एकदा आडून विचारलं होतं, तीन दिवस आधी कळलं असतं तर? त्या म्हणाल्या, "बहुतेक काही फरक पडला नसता." मग म्हणाल्या, "रक्तदाब बघून कुणी लगेच पुढे पाठवलं असतं तर सांगता येत नाही." मी दोन्ही वाक्यं आलटूनपालटून वापरते. पहिलं कामावर असताना, दुसरं घरी.

आता तू मला हवं ते म्हण. फक्त मी तुझ्यासाठी आता फौजदार नाही, आरोपी आहे, हे समजून तरी रक्त देऊन ये. माझ्यावर सूड उगवायचा म्हणून मरू नकोस.

ताई


१९ मे

बोक्या,

तुझं पत्र काल आलं. तीन पानं. मी ते लॅबमध्येच वाचलं, रिकाम्या खोलीत, कारण सगळं सामान गेलंय आणि फक्त फ्रीजर राहिलाय.

मला वाटलं होतं शिव्या असतील. शिव्या चालल्या असत्या.

तू लिहिलंस ते मी इथे पुन्हा उतरवते. मला कळलंय ते नीट कळलंय का, हे तू तपासून घे. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार. चारही सकाळी बाबा काही न खाता बसायचे. तू चहा दिलास तर कप सरकवायचे. म्हणायचे, "फौजदार बोलावेल. बोलावलं की लगेच जाता आलं पाहिजे. या खेपेला काही खोट काढू देणार नाही तिला." दहा वाजेपर्यंत वाट बघायचे, मग म्हणायचे, आज तिला काम असेल, आणि मग खायचे. शनिवारी तुझ्याने बघवेना. त्यांच्या आवडीचे काप तळलेस, मशीनशेजारी ठेवलेस, म्हणालास, "बाबा, ती काही बोलवत नाही, खा आता." ते म्हणाले, "दहा वाजू देत."

पुढे तू लिहिलंस, "ताई, प्लेट भरलेली होती. अठरा काप मी ठेवले होते, अठरा तसेच होते. तू बोट दाखवलंस पण बघितलं नाहीस."

नाही बघितलं. सत्तावीस वर्षं उजेडात धरून धरून बघण्याचंच काम केलं, आणि हातभर अंतरावरची भरलेली प्लेट मला दिसली नाही.

तू तेव्हाच का बोलला नाहीस याचं उत्तरही तू दिलंस, आणि ते मला सगळ्यांत जड जातंय. "ते तुझी वाट बघत उपाशी बसले होते, हे तुला तिथे सांगितलं असतं तर तू उभी राहिली नसतीस. म्हणून गप्प बसलो. नंतर राग आला. राग आल्यावर सांगायचं राहूनच गेलं." एवढं झाल्यावरही तू मला सांभाळत होतास. मी रडले, बोक्या. नवी मुलगी दारातून डोकावली आणि दार लावून गेली.

मग मी डोळे पुसून फ्रीजर रिकामा करायचं काम पुरं केलं. विल्हेवाटीच्या यादीत प्रत्येक ट्यूबची नोंद करावी लागते. बाबांच्या ओळीत कारणाच्या रकान्यात जुन्या फॉर्मवरून 'उपाशी नाही' उतरवायचं होतं. मी जुना फॉर्म शोधून काढला, ती ओळ खोडली, वर लिहिलं, उपाशी: होय, आणि आजची तारीख घालून सही केली. डॉक्टरीणबाईंची सही घ्यायला गेले तेव्हा त्यांनी विचारलं, आठ वर्षांनी दुरुस्ती कसली? मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि खाली स्वतःची सही केली.

आता तुझ्या पत्राची शेवटची ओळ. "रक्त द्यायचं तर तुझ्याच हाती देईन. सोमवारी सकाळी येतो."

ये. नव्या इमारतीत डावीकडचं पहिलं दार. मी सातपासून आहे. रविवारी संध्याकाळी सहाला जेवून घे, प्रवासात पाणी पीत राहा. बाबांचा टेप घेऊन ये, कंबर त्यानेच मोजू, आणि श्वास पूर्ण सोड. तुझी ट्यूब दुधाळ निघाली तर आपण दोघं मिळून औषध घेऊ, तुझ्या बायकोला सांगून दोन्ही घरांतला तेलाचा डबा वर ठेवू. नाही निघाली तर मला साय खायला घाल म्हणशील, आणि मी घालणार नाही.

बाकावर बसलास की मी तुझ्या दंडाला पट्टा बांधीन आणि विचारीन, "काही खाल्लं का?" विचारावंच लागतं, नियम आहे. तू म्हणशील, नाही.

मी म्हणेन, बरं. आणि तसंच लिहून घेईन.

ताई